गाडीची तीट

ओले झालेले सुकवण्याचे काम सूर्यनारायण सृष्टीच्या आरंभापासून विनातक्रार करत आला आहे. पण मोटारीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही. भात, पापड, मिरच्या, धुणे आणि माणसे यांना तो पुरतो. मोटार मात्र आपली आपण वाळली की तिच्या रंगावर पाण्याचे पांढरे डाग उठतात. ते उठू नयेत म्हणून पुसायला जावे, तर फडक्याचे ओरखडे उठतात. म्हणजे मोटार पुसावी, आणि पुसूही नये. इतका कडक आचार गौराबाईंच्या एकाही व्रतात नव्हता, आणि गौराबाईंची व्रते काही थोडी नव्हती.

गौराबाईंचे यजमान म्हणजे लोधिवलीचे कान्हाशेठ. चौऱ्याहत्तर साली त्यांची हमरस्त्याकडची जमीन कारखान्याला गेली आणि दारात निळी फियाट आली. (जुनी, पण गावात पहिली, म्हणून नवीच.) गाडी आणून देणारे शेजारच्या चौक गावचे मेकॅनिक सुलेमानभाई निघताना म्हणाले, "शेठ, इंजिनाचं मी बघीन. तुम्ही रंगाला जपा. फडकं असं पायजे, की गालावर फिरवलं तरी कळता कामा नये."

सुलेमानभाई बोलण्याच्या ओघात बोलून गेले. कान्हाशेठनी तो नियम मानला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कर्जतचा बाजार गाठला आणि दुकानातला एकेक टर्किश टॉवेल गालावर फिरवून पाहिला. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "घ्या शेठ, दाढी झाल्यावर तोंड पुसायला एक नंबर."

"दाढीला नाय रं, गाडीला."

"मग गाडीच्या गालावर फिरवा की!"

चेष्टा होती, पण घरी आल्यावर कान्हाशेठना तिच्यातले तथ्य जाणवले. प्रश्न फडक्याचा नव्हताच, गालाचा होता. त्यांच्या स्वतःच्या खुंट वाढलेल्या गालाने गोणपाटही पास केले असते. गावात गाल पुष्कळ, पण परीक्षेला बसवावेत असे थोडे. पुरुषांचे उन्हाने बाद झालेले. बायकांचे चुलीच्या धगीने. शाळकरी मुलांचे गाल, मास्तरांचा हात सढळ असल्यामुळे, तिसरीच्या पुढे भरवशाचे राहत नसत. सगळी छाननी होऊन एकच गाल उरला: नात चिमाचा. ती नुकती मान धरू लागली होती.

पद्धत सोपी होती. चिमा झोपली की फडके तिच्या गालावरून फिरवायचे. जागी झाली, तर फडके नापास. रडली, तर फडके नापास आणि दुकानदार लबाड. कर्जतहून विकत आणलेले सगळे टॉवेल या परीक्षेत गेले. कान्हाशेठचा पंचा गेला. सुनेचे लग्नातले पातळ जरीमुळे अपात्र ठरले. शेवटी चिमाच्याच अंगाखालचे दुपटे ओढून तिच्याच गालावर फिरवले, तेव्हा ती झोपेत हसली. (जन्मल्यापासून ती त्याच दुपट्यात झोपत होती. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच पाळण्यातले असले की निकाल चांगला लागतो.)

चिमाची सगळी दुपटी गौराबाईंच्या आईच्या लुगड्याची होती. आई गेली, तेव्हा गौराबाईंनी माहेरून तेवढे एक लुगडे मागून आणले आणि सुनेला दिवस गेल्यावर आपल्या हाताने त्याची दुपटी शिवली. जन्मभर पाताळगंगेच्या पाण्यात धुतले गेलेले लुगडे. कापसाला इतके मऊ व्हायला एक अख्खी बाई लागते.

आता कान्हाशेठ काही जुलमी माणूस नव्हते. विचारल्याशिवाय ते घरातल्या चमच्यालाही हात लावत नसत. गौराबाई पहाटे तुळशीला पाणी घालून जपाला बसत, आणि जप पुरा होईपर्यंत बोलत नसत. नेमका तो मुहूर्त साधून कान्हाशेठ विचारत, "गौरे, एक दुपटं घेऊ का गं?" गौराबाई मोठे डोळे करत. डोळे हे उत्तर धरण्याची घरात पद्धत नव्हती. काही म्हणाली नाही म्हणजे हो म्हणाली, असे ठरून एकेक करत सगळी दुपटी गाडीकडे गेली. टर्किश टॉवेल वाया जाऊ नयेत म्हणून त्यांत चिमाला गुंडाळू लागले.

पावसाळ्याचे दिवस. गाडी उभ्या जागी भिजे आणि उभ्या जागी पुसली जाई. चालवली तर चिखल उडेल, म्हणून ती चालवत नसत. रंगावर एक रेघ नव्हती. चिमाच्या मानेवर आणि मांड्यांवर मात्र लाल पट्टे उठले. घरातले ओरखडे तेवढेच राहिले. फक्त त्यांची बदली झाली.

सून कोंडी रडवेली होऊन आली. "आत्याबाय, पोरीचं अंग बघा. सोलून निघालंय. रात-दिस किरकिरती."

त्या चातुर्मासात गौराबाईंनी कुणालाही उलटून न बोलण्याचा नेम धरला होता. त्यांनी हलक्या आवाजातच सांगितले, "अवो, पोरीची दुपटी द्या. तिचं कातडं गेलंय."

"कातडं परत येतंय गं," कान्हाशेठ समजुतीने म्हणाले. "रंग येतो का परत?"

शास्त्राला धरूनच होते ते. गौराबाई चिमाच्या मानेला खोबरेल लावायला आत गेल्या.

गणपतीला गाडी पहिल्यांदा बाहेर निघायची होती, कळंबला, कान्हाशेठच्या बहिणीकडे. आदल्या संध्याकाळी शेठना एक काळजी लागली. नजर लागू नये म्हणून गौराबाई गाडीच्या बॉनेटवर काजळाची तीट लावत. पण दुपटे फिरले की तीट साफ.

"अवघं कळंब बघनार गौरे! उद्या तीट लाव, ती पुसून जानार नाय अशी लाव."

"पुसून जानार नाय अशी?"

"हां. रोज रोज काय ती कटकट."

सकाळी कान्हाशेठ परसात दात घासत होते, तोंड राखुंडीने भरलेले. गौराबाई हातात खिळा घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"अवो, काजळ काय टिकनार नाय. खिळ्यानं लावू का तीट?"

कान्हाशेठनी मोठे डोळे केले. काही म्हणाले मात्र नाहीत.

गौराबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिले, नमस्कार केला आणि बॉनेटच्या डाव्या गालावर खिळा गोल गोल फिरवून रुपयाएवढी तीट लावली. चांगली पत्रा दिसेपर्यंत. अर्धवट पूजा त्यांना आवडत नसे.

चूळ भरून कान्हाशेठ धावत आले. "गौरे! काय केलंस गं हे?"

"तुमी सांगितली तशीच हाय. पुसून बघा."

त्यांनी खरोखरच दुपट्याने पुसून पाहिले. तीट गेली नाही. मग ते ओट्यावर बसले. ओरखडा उठलेल्या वस्तूला मऊ फडके लागत नाही, हे त्यांच्याच नियमातून निघत होते. कोंडीने त्यांच्या हातातून दुपटे काढून घेतले, तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही.

कळंबला गाडी गेली. मागे कोंडीच्या मांडीवर चिमा दुपट्यात घोरत होती. जमलेल्यांची नजर आधी तिटेवरच गेली. कुणीतरी विचारले, "शेठ, गाडीला लागलं काय?" कान्हाशेठ छाती काढून म्हणाले, "लागंल कसं? तीट हाय ती!" दिवाळीपर्यंत चौक गावात दोन टेंपो आणि एक बुलेट सुलेमानभाईंकडून तीट मारून घेऊन गेल्या.

चिमाचे पट्टेही गेले. कातडे परत येते, हे शेठचे म्हणणे खरे ठरले.

तुमच्या दारात मोटार नाही, म्हणून हसू नका. बैठकीतल्या रेडिओवर जी खोळ घातली आहे, ती एकदा गालावर फिरवून पाहा. मग न्हाणीत जाऊन, म्हाताऱ्या सासूबाईंची पाठ ज्याने पुसता, तो पंचा फिरवा. फरक कळला, तर गौराबाईंनी खिळा जपून ठेवला आहे. मागितला तर त्या नाही म्हणणार नाहीत. तेवढे पहाटे या, त्या जपाला बसलेल्या असताना.