विषकोठीचे कोठावळे यांणी लेकीच्या लग्नात मठ्ठा थांबविला, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो, आणि ऐकणाराचे घरच्या भांड्यावरील झाकण सदैव नीट बसो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. सातशे उंबरे, भोवती द्राक्षांचे मळे, मळ्यांवर औषधांची फवारणी बारमाही, आणि रयत कष्टाळू, देवभोळी व काटकसरी. काटकसरी म्हणजे इतकी की, बॅटरीतील सेल मेले तरी त्यांस मेले म्हणावयाचे नाही. उन्हात पापडाशेजारी वाळत घालावे, दातांनी चेपून पाहावे, आणि मग पुन्हा रिमोटात घालून रिमोटास तळहातावर चार थपडा माराव्या, ऐसा घरोघर रिवाज. ट्यूबलाइट गेली की ती दाराआड उभी करावी, आणि मग पाहुण्याने दार लोटावे आणि ती फुटावी. फवारणीचे औषध अर्धेमुर्धे उरले की बाटली कोनाड्यात, देवाच्या तेलाशेजारी. आणि औषधाचा डबा रिकामा जाहला तर तो टाकणे म्हणजे पातकच. राखेने घासावा आणि मग त्यात पाणी भरावे, रॉकेल भरावे, एका घरी तर लिंबाचे लोणचे देखील मुरत होते. ऐसे चालले असता मागील शिमग्यास कोणी पुण्यवंताने घर झाडिले आणि टोपलीभर मेले सेल होळीत ओतिले. ते तडातड उडाले. राज्याचे कारभारी नैवेद्य घेऊन पुढे उभे होते, त्यांची डावी मिशी समूळ गेली, आणि मग दीड महिना कारभारी दरबारात उजवे अंग पुढे करून बसत होते.

राज्य तेव्हा आक्कासाहेबांचे होते. त्यांणी ते लोकांच्या मतांनी मिळविले होते आणि जरबेने राखिले होते. त्यांणी दरबार बोलाविला आणि बोलिल्या, "कारभाऱ्यांची मिशी येईल परत. उद्या कुणाचा डोळा गेला तर तो कुठनं आणायचा? घरातल्या ह्या विषारी केराला एक वेगळी कोठी करा, आणि कोठीवर असा माणूस नेमा, जो झाकण लावल्याबिगर जेवायला उठत नाही." हे ऐकताच साऱ्या दरबाराच्या माना एकाच दिशेस वळल्या, कारण त्या दिशेस तुळाजी पाचारणे बसले होते. तुळाजी पंचावन्न वर्षांचे, बियाण्याच्या गोदामातून नुकते निवृत्त जाहलेले, अंगाने काटकुळे, आणि रस्त्याने जाता शेजाऱ्याचे फाटक उघडे दिसले तर शिव्या घालीत का होईना पण लावून जाणारे. त्यांस उठवून शेला दिला, नारळ दिला, विषकोठीचे कोठावळेपण दिले आणि सनद वाचून दाखविली. सनदेचा मजकूर ऐसा की, सेल, ट्यूब, पाऱ्याची तापमापी आणि उरलीसुरली औषधे रयतेने केरात, ओढ्यात वा होळीत न घालता कोठीत आणून द्यावी. कोठावळ्याने ती न फोडता, न उघडता, धड भांड्यात ठेवावी. भांड्याचे झाकण घालता-काढता खेरीज कधी उघडे राहू नये. भांड्यावर आत काय आहे ते आणि आल्याची तिथी ठळक लिहावी. वर्षावर एक दिवसही कोठीत ठेवू नये, गाडी जोडून दूर देशी, जेथे या कामाचा कारखाना व परवाना आहे, तेथे रवाना करावे. आणि औषधाचा डबा रिकामा जाहला तर तीन वेळा खळबळून धुवावा, धुतलेले पाणी फवारणीच्या पंपातच घालावे, आणि मग डब्याच्या बुडास भोक पाडावे, जेणेकरून तो पुन्हा कोणाच्या उपयोगी पडणार नाही.

तुळाजींनी कारभार ऐसा केला की बघत राहावे. मळ्यांतून डबे आणले, मळ्याच्या धन्याकडून तीनदा धुवून घेतले, चौथ्यांदा आपले समाधानाकरिता स्वतः धुतले, बुडावर लाल रंगाने तिथी आणि खाली आपले नाव घातले. ट्यूबा आल्या त्या खोक्यात निजविल्या, निजत्या लेकरास पांघरूण घालावे तैशा. सेलांच्या टोकांस चिकटपट्टी लाविली. चार महिन्यांत कोनाडे रिकामे जाहले, रयत खूश, आणि तुळाजी असे सुखी की जेवता जेवता हसत. परंतु माणूस म्हटला की त्यास एक खोड असावयाचीच. तुळाजी टूथपेस्टची ट्यूब कात्रीने उभी चिरून आतील शेवटचा थेंब घेणारे. त्यांचे हातून धड, निळाभोर, चकचकीत डब्यास भोक पडेना. दाभण लावावे, हातोडी उचलावी, आणि मग डब्याकडे पाहावे आणि हातोडी खाली ठेवावी. "गाडी जायच्या दिवशी एकदमच पाडू," ऐसे मनास सांगावे आणि डबा रचावा. असे करता करता निळ्या डब्यांची रास आढ्यास लागली. आक्कासाहेब पाहणीस आल्या, सर्व पाहून संतोषल्या, आणि मग एक डबा उलटा करून बोलिल्या, "तुळाजी, भोक?" तुळाजी बोलिले, "पाडतो की, आक्का. गाडीच्या दिवशी." आक्कासाहेब बोलिल्या, "तुम्ही ह्या राज्यात पंचावन्न वर्षं राहिलात, तुम्हाला मी काय सांगू? बिनभोकाचा डबा इथं कोठीत राहत नसतो." तुळाजींनी मान हलविली. हलविली खरी, पण तेवढीच हलविली.

पुढे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, वैशाख वद्य पंचमी, मंदवार म्हणजे शनिवार, हा तुळाजींची एकुलती कन्या चिरंजीव राही इचे लग्नाचा दिवस ठरला. मुलगा चांगला, स्थळ शेजारच्या खोऱ्यातील, परंतु व्याही रायाजी गुंजाळ म्हणजे मोठे प्रकरण. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात पानावर तुटका पापड आला म्हणून पंगतीतून उठलेले, आणि मग त्यांस अर्धा दिवस विनवून आणावे लागले, ही कथा दोन्ही खोऱ्यांत सर्वांस पाठ. त्यामुळे तुळाजींस महिनाभर दुसरा घोर नव्हता. त्या राज्यात लग्नास भांडी भाड्याने आणणे हलके समजत, भावकीने घरोघरची द्यावी ऐसी चाल. तैशी घागरी, पराती, पातेली आली; परंतु जिलेबीसंगे मठ्ठा पाहिजे, तोही चारशे पानांचा, आणि भावकीची भांडी पितळेची, कल्हई उडालेली. आंबट पदार्थ त्यात कळकावयाचा. तुळाजी तेव्हा अक्षता घेऊन परगावी गेले होते. घरी त्यांचे कुटुंब अनसूयाबाई, कोठीची किल्ली त्यांचे कमरेस. बाईंनी कोठी उघडली, वीस निळे डबे काढिले, चिंच लाविली, राख लाविली, वरच्या चिठ्ठ्या खरवडून काढिल्या आणि उन्हात पालथे घातले. बाईंचे मनात पाप नव्हते. ज्या घरी धनी धुतलेला डबा चौथ्यांदा धुतो, त्या घरी त्यात विष राहील हे त्यांस स्वप्नीही वाटले नाही. शिवाय डबे दिसत होते फार सुरेख.

लग्न घटकेवर लागले, अक्षता पडल्या, ताशा वाजला आणि मग मांडवात पंगत बसली. चारशे पाने मांडली, जिलेबी वाढली, द्रोणांत मठ्ठा वाढला, वर कोथिंबीर. नवरानवरी पाटावर, राहीने जिलेबीकडे पाहून नवऱ्याच्या कानात काही सांगितले आणि दोघे हसली. रायाजी गुंजाळ पहिल्या पानावर, फेटा भला मोठा, डोळे पापडावर. श्लोक व्हावयाचा होता, तोवर पानास हात लावावयाचा नाही. तुळाजी उपरणे कमरेस बांधून पंगतीतून फिरत होते, "सावकाश होऊ द्या, संकोच करू नका," म्हणत होते, इतक्यात वाढप्याने मठ्ठ्याचा जग भरण्यासाठी आतून एक निळा डबा आणून तिरपा केला. डब्याचे बूड वर आले. बुडावर लाल अक्षर: आश्विन शुद्ध अकरा, तुळाजी. ते औषध कोणते होते हे त्यांस नीट ठाऊक होते. त्याच्या वासाने मळ्यात मांजरे महिनाभर फिरकत नसत.

आणि मग तुळाजींच्या मनात काय काय आले ते लिहिले पाहिजे, कारण ते जाहले एका श्लोकाच्या अवकाशात. मन म्हणाले, चार वेळा धुतलेला आहे. मन म्हणाले, घरच्या बाईने वर चिंच लाविली असेलच, काही होत नाही. मन म्हणाले, तोंड उघडलेस तर रायाजी उठले, रायाजी उठले तर वऱ्हाड उठले, आणि पोरीच्या कपाळी आजन्म हाच दिवस. समोर श्लोक म्हणणारा घसा खाकरून उभा राहिला. तुळाजींनी राहीकडे पाहिले. तिच्याही पुढे द्रोण होता.

"हात थांबवा!" तुळाजी ओरडले, आणि आवाज ऐसा फाटला की ताशेवालाही दचकला. "मठ्ठ्याला कुणी हात लावू नका! डबे विषकोठीतले हायेत. औषधाचे. धुतलेले हायेत, पण धुतलं म्हणजे खायच्या कामाचं झालं असं न्हाई. भोक पाडायचं माझ्याकडं होतं, मी पाडलं न्हाई. चूक माझी हाय, घरच्या बाईची न्हाई." इतके बोलून ते मांडवाच्या खांबास धरून उभे राहिले. मग अनसूयाबाई स्वयंपाकातून धावत आल्या, "अहो, मीच काढले," म्हणू लागल्या, आणि मग रडूच लागल्या. आणि इतक्यात पहिल्या पानावरील रायाजी गुंजाळ उठले.

ते उठताच मांडवात सुस्कारा जाहला. राहीने मान खाली घातली. रायाजी चालत तुळाजींजवळ आले, डबा हाती घेतला, बुडावरील अक्षर वाचले आणि बोलिले, "आमच्या दावणीचा बैल असल्याच डब्यातलं पाणी पिऊन गेला. पांढराशुभ्र बैल. डबा कुणी ठेवला ते शेजाऱ्याला ठावं हुतं. मला सांगितलं तीन वर्सांनी. तवर मी देवाला बोल लावत बसलो." मग ते पंगतीकडे वळले. "ह्या माणसानं पोरीच्या अंगावरची हळद निघायच्या आत, चारशे लोकांत, आपलं नाक आपल्या हातानं कापलंय. मला सोयरीक असल्याच घरात करायची हुती. काय बघताय? द्रोण उचला अन् जिलेबी वाढा. पाणी घागरीतलं द्या." आणि ते आपल्या पानावर जाऊन बसले, आणि तुटका पापड आला तो देखील खाल्ला. लोक ऐसे जेवले की जिलेबी पुरेना. आक्कासाहेब पंगतीतच होत्या. त्यांणी सारा मठ्ठा एका पिंपात ओतविला, झाकण लावविले, वर "मठ्ठा, पिऊ नये" ऐसे व तिथी लिहविली, आणि सनदेप्रमाणे तो कोठीत जमा जाहला. राज्याच्या इतिहासात मठ्ठ्यास हा मान प्रथमच.

जेवणे होताच रायाजी बोलिले, "दाभण कुठाय?" आणि मग दोघे व्याही, डोईस लग्नाचे फेटे, पुढे वीस निळे डबे, ऐसे ओट्यावर बसले. एकाने डबा धरावा, एकाने हातोडी घालावी. ताशेवाल्यास वाटले हाही विधीच असेल, तो ठोक्यावर ठोका देऊ लागला. वऱ्हाडाने पाहून पोट धरून हसून घेतले. पहिल्या डब्यास तुळाजींनी हातोडी दोनदा खाली ठेविली, पाचव्यास एकदाच, आणि दहाव्यापासून तर त्यांस गोडीच लागली. उन्हे कलली, पाठवणीची वेळ जाहली, गाडी दारात लागली. राही सर्वांच्या पाया पडून शेवटी ओट्यापाशी आली. एकच डबा राहिला होता. ती बोलिली, "आबा, हा एक राहू द्या. माझा म्हणून ठेवा." तुळाजींनी डब्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले, आणि मग बोलिले, "बाये, तसं चालत न्हाई. कितीबी जीव लागला तरी वर्साच्या आत पाठवावंच लागतं." आणि हातोडी उचलून एका घावात भोक पाडिले. तिने हळदीचा हात बापाच्या हातावर ठेविला, आणि ती गाडीत बसली, आणि गाडी गेली. मग तुळाजी तो भोकाचा डबा मांडीवर घेऊन हुंदके देऊन रडिले. लोक म्हणाले, बघा, डब्यासाठी रडतोय, किती ती काटकसर! जवळ रायाजींचे वऱ्हाडातील एक वृद्ध बाई मागे राहिली होती, तिने तेवढे पदराने आपलेही डोळे पुसले.

सारांश ऐसा की, उरल्या राशीसही भोके पडून कोठीची गाडी वर्षाचे आत गेली, राज्यात आता एकही डबा बिनभोकाचा नाही, कारभाऱ्यांची मिशी पूर्ण आली, राही सासरी सुखात आहे, आणि तुळाजी पाचारणे अद्याप कोठीवर आहेत व बरे आहेत.