आप्पांना दाखवायचंय

दारात उभे राहून आप्पा कुलपात किल्ली घालत होते. किल्ली काही शिरेना. त्यांनी जरा जोर लावला, तशी घरातली बेल खणखणली.

"अगं ताई, बघ गं कोण आलंय!" आप्पा बाहेरूनच ओरडले.

त्यांच्या मुलीनं दार उघडलं. तिला सगळे ताईच म्हणत, वडीलसुद्धा. "आप्पा, तुम्हीच आलाय. किल्ली बेलमध्ये खुपसताय."

"तरी म्हटलं, हे कुलूप नव्या पद्धतीचं दिसतंय."

उभा जन्म लोकांना किल्ल्या बनवून देण्यात गेलेला माणूस, आणि त्याला स्वतःचं कुलूप सापडू नये! आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि डाव्यानं धुक्यातून पाहिल्यासारखं जेमतेम दिसायचं. दुकानातली गिऱ्हाइकं गळू लागली होती. परवा एकाला कपाटासाठी करून दिलेली किल्ली कपाटाला लागलीच नाही, शेजाऱ्याच्या स्कूटरला मात्र झकास बसली. उजवा डोळा गेला की दुकान बंद, आणि दुकान बंद झालं की आप्पा मनानं खचणार, हे ताईला कुणी सांगायला नको होतं.

आप्पांचा विमा नव्हता. ताई विमा एजंटाकडे गेली. माणूस फार गोड होता.

"आता नाही हो जमायचं. डोळा बिघडायच्या आधी यायला हवं होतं."

"बिघडला म्हणून तर आले!"

"तिथंच तर चुकलात," तो मनापासून हळहळला.

मोठ्या दवाखान्यातल्या मुलीनं ताईला सोफ्यावर बसवलं, हसून पाणी दिलं आणि खर्चाचा आकडा असा काही सांगितला, की ताईनं उरलेलं पाणी न पिताच खाली ठेवलं. न जाणो, तेही बिलात धरायचे.

शेवटी कुणीतरी सेवाभाऊंचं नाव सुचवलं. सेवाभाऊ गोरगरिबांसाठी मोफत शिबिरं भरवत. सेवा करताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. सेवा केल्याचे फोटो मात्र सगळ्यांनी पाहिले होते.

"भाऊ, आप्पांना दाखवायचंय," ताई म्हणाली.

"दाखवू की!" सेवाभाऊंनी आप्पांच्या पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार मिशा निरखल्या. "असा माणूस तर सगळ्यांना दाखवायला पाहिजे!"

शिबिराच्या दिवशी डॉक्टर अजून यायचे होते, फोटोग्राफर मात्र येऊन बसला होता. प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई. म्हणून ऑपरेशननंतरचा फोटो ऑपरेशनच्या आधीच काढायचं ठरलं. उद्या व्हायचंच आहे, मग आज काढला तर बिघडलं कुठं! मध्ये मध्ये येते म्हणून ताईला पडद्यामागं पाठवलं.

"उजेड या बाजूनं झकास येतोय," फोटोग्राफर म्हणाला. कुणीतरी आप्पांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी चिकटवली.

"लाइट गेली का हो?" आप्पांनी विचारलं.

सगळे खो खो हसले. फोटो फारच छान आला.

दुसऱ्या दिवशी ताई आप्पांना घेऊन शिबिराच्या हॉस्पिटलात गेली. खिडकीतल्या कारकुनानं एकदाच मान वर केली.

"यांचं झालंय की."

"काय झालंय?"

"ऑपरेशन. चौकातला फलक नाही का पाहिला? 'सेवाभाऊंमुळे दृष्टी लाभली!' तोच फोटो बघून कॉम्प्युटरवर चढवलंय."

"अहो, पण त्यांचा डोळा तरी बघा!"

"डोळे बघायचं काम डॉक्टरांचं. मी कॉम्प्युटर बघतो. एका डोळ्याचं मोफत ऑपरेशन एकदाच होतं, बाई."

"मी तेच म्हणतेय, एकदा तरी करा!"

खिडकी बंद झाली. त्या दिवसापासून ताई चौकातून जाताना मान फिरवूनच जायची. तो फलक डोळ्यांसमोर नको असं तिला झालं होतं. तरी आप्पांसाठी ती पुन्हा सेवाभाऊंच्या पायरीशी गेली.

"माझ्या सत्काराचा समारंभ तेवढा पार पडू दे," सेवाभाऊ म्हणाले. "आप्पांनी मला गुच्छ द्यायचा आणि 'आता स्वच्छ दिसतंय' म्हणायचं. मग ऑपरेशनचं बघू."

"दिसत नसताना दिसतंय म्हणायचं?"

"चांगलं बोललं की चांगलं होतं, ताई."

सभागृह खचाखच भरलं होतं. व्यासपीठावर एका अंगाला सेवाभाऊ माईक घेऊन उभे होते आणि दुसऱ्या अंगाला त्यांच्याहून उंच, हात जोडलेले पुठ्ठ्याचे सेवाभाऊ. आप्पांच्या नावाचा पुकारा झाला. आप्पा चाचपडत निघाले ते थेट पुठ्ठ्यापाशी पोचले. वाकून त्यांनी गुच्छ पुढं केला.

"धरा ना भाऊ! किती वेळ नुसते हात जोडून उभे आहात!"

पुठ्ठा हलला, गुच्छ खाली पडला. सभागृहात खसखस पिकली. सेवाभाऊंचा तोल सुटला आणि हातातला माईक चालू आहे याचं भान राहिलं नाही.

"अरे, मी इकडं आहे! आंधळा आहेस का?"

आप्पा आवाजाच्या दिशेनं वळले. अगदी नम्रपणे म्हणाले, "हो, साहेब. तेच तर दाखवायला आलो होतो."

एवढं हसू त्या सभागृहात पूर्वी कधी उमटलं नसेल. संध्याकाळपर्यंत तो प्रसंग ज्याच्या त्याच्या मोबाइलवर होता. मग काय विचारता! ज्या हॉस्पिटलाची खिडकी उघडत नव्हती, त्याची गाडी दारात येऊन उभी राहिली. खुद्द कारकून आप्पांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सुरेख झालं. देव त्या डॉक्टरांचं भलं करो. सगळ्या प्रकरणात आपलं काम केलं ते त्यांनीच.

पट्टी सुटल्यावर आप्पा घरी यायला निघाले ते चौकात थबकले. फलकाकडं बघत राहिले.

"मिशा बाकी छान आल्यात," ते म्हणाले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "ताई, अगं, पट्टी डाव्या डोळ्यावर आहे की!"

ताईनं पहिल्यांदाच मान वर करून फलक नीट पाहिला. खरंच की! ती कपाळाला हात लावून उभी राहिली.

"म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर डावा डोळा झाला होता! उजवा तर मोकळाच होता आप्पा, पहिल्याच दिवशी झाला असता. एवढा मोठा फोटो! सेवाभाऊ, तो कारकून, आणि मीसुद्धा... कुणालाच कसं दिसलं नाही?"

आप्पांनी खिशातून घराची किल्ली काढली, उन्हात धरून तिचे दाते न्याहाळले.

"मला मोतीबिंदू होता," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना काय झालं होतं?"