भिवाजींचं न गळणारं झाकण

ओळखीतला गौतम अमेरिकेला निघाला होता, पण लोणचं नेणार नाही, असं त्याच्या आईने हैदराबादच्या त्या टोकाहून, दिलसुखनगरहून, मुद्दाम येऊन मालनबाईंना स्वच्छ सांगितलं. तिचंही चुकत नव्हतं. मागच्या वर्षी अमेरिकेला जाताना शेजारच्या मिलिंदने त्यांची बरणी नेली, ती विमानातच गळली आणि त्याच्या सगळ्या सर्टिफिकेटांना आंब्याच्या लोणच्याचं तेल लागलं. तिकडच्या साहेबाने म्हणे ती दोन बोटांत धरून वाचली.

मालनबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा नागसेन दोन वर्षांपासून न्यू जर्सीत कॉम्प्युटरवर कामाला होता. फोन महिन्यातून एकदा, तोही तीन मिनिटांचा. तब्येत कशी आहे, बरी आहे, इथे थंडी आहे, ठेवतो. एवढ्यावर आईचं भागत नाही. लोणचं पोचलं तर जेवताना तरी लेकराला आपली आठवण येईल, एवढीच त्यांची आस होती.

त्यांचे यजमान भिवाजी सोनकांबळे गेली पंधरा वर्षं एका प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. देशाचे दरवाजे उघडले, रस्त्यावर नव्या मोटारी आल्या आणि त्यांना प्लॅस्टिकचे बंपर आले. नुसतं प्लॅस्टिक धक्क्याने तडकतं, म्हणून त्यात ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मिसळतात. रबर प्लॅस्टिकमध्ये विरघळत नाही, बारीक थेंबांनी वेगळंच राहतं, पण धक्का सगळा तेच सोसतं, हे अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे.

अशा माणसाच्या घरची बरणी गळावी ही नामुष्कीच होती. भिवाजींनी कारखान्यात त्याच मिश्रणाच्या दोन बरण्या साच्यातून पाडून घेतल्या आणि आट्यांच्या झाकणात ईपीडीएमची जाड रिंग बसवली.

"मोटारीचं रबर मह्या लोणच्याला?" मालनबाई म्हणाल्या.

"नंबर एकचं रबर हाय ते. ऊन, पाणी, वाफ, कशानं काही होत नाही त्याला."

ऊन, पाणी, वाफ. यादी इथेच संपली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भिवाजींनी गौतमच्या आईसमोर पाण्याने भरलेली बरणी गच्चीवरून खाली टाकली. बरणी अंगणात दोनदा उसळली आणि एक थेंब सांडला नाही. बाईंनी बरणी न्यायला होकार दिला. एक बरणी अमेरिकेला गेली, दुसरी घरच्या फळीवर राहिली.

तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी आठला, फोनची पाळी नसताना, नागसेनचा फोन आला.

"बाबा, झाकण उघडत नै."

भिवाजींना आधी ही तारीफच वाटली. मग त्यांनी फळीवरची बरणी काढून पाहिली, तर तीही उघडेना. शेजारचे हिम्मतराव तरुणपणी तालमीत जात असत, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी बरणी गुडघ्यांत धरून जोर लावला आणि कमरेला हात लावून घरी गेले. भिवाजी दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा समोरच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद होता: तेलापासून दूर ठेवा. हे रबर तेल पितं आणि फुगतं. पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना हे बजावणाऱ्या माणसाने तेच रबर तेलाच्या डोक्यावर बसवलं होतं. पुढचे दोन दिवस त्यांनी त्या भिंतीकडे बघितलं नाही.

उपाय सोपा निघाला. घरच्या बरणीच्या झाकणाच्या फटीत पातळ ब्लेड घालून रिंग कापली, ओढून काढली, आणि झाकण दोन बोटांनी फिरलं.

पुढच्या रविवारी पुन्हा आठला फोन. नागसेनने गरम पाणी ओतून पाहिलं होतं, फडक्याने धरून पिळलं होतं. ते सांगता सांगता खोलीतल्या जोडीदाराचं घोरणं निघालं, बर्फातून कपडे धुवायला जाणं निघालं. मग त्याने आईला सांगितलं की वाटेवरच्या एका घरात कांदा तळतात, तिथे त्याचे पाय आपोआप थांबतात. मालनबाई रिसीव्हर कानाला घट्ट धरून ऐकत होत्या. भिवाजी ब्लेडचं सांगायला पुढे सरसावले, तेव्हा मालनबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला.

"नका सांगू."

"अगं, पण लोणचं?"

"राहू द्या लोणचं. दोन वर्षांत पहिल्यांदा लेकरू अर्धा तास बोलतंय."

तेव्हापासून भिवाजी दर रविवारी खोटे उपाय सांगू लागले. एक आठवडा उलटी ठेव. एक आठवडा फ्रिजमध्ये ठेव. शास्त्राची एवढी विटंबना त्यांनी आयुष्यात केली नव्हती. पण सोमवारपासूनच मालनबाई रविवारची वाट बघत, आणि खरं सांगायचं तर तेही बघत.

चार महिने हे चाललं. एका रविवारी मालनबाई विहारात गेल्या होत्या आणि फोन एकट्या भिवाजींनी घेतला. पोराचा आवाज थकलेला वाटला. आईच्या हातचं समोर असून याला खाता येत नाही, या विचाराने त्यांना राहवेना.

"पातळ ब्लेड घाल अन् रिंग काप. मी सांगितलं असं आईला सांगू नको."

पुढचा आठवडा भिवाजींना जेवण गेलं नाही. आता फोन पुन्हा महिन्यातून एकदा येणार, तीन मिनिटांचा, आणि हे आपल्याच हाताने झालं. रविवारी साडेसातपासूनच मालनबाई फोनजवळ बसल्या. भिवाजींनी तोंडासमोर पेपर धरला, पण पान उलटलं नाही.

ठीक आठला फोन वाजला. भिवाजींनीच झडप घालून उचलला.

"बाबा, ब्लेडनंपण नै झालं. उघडेच ना."

भिवाजी चकित झाले. ब्लेडपुढे टिकेल अशी ती रिंग नव्हती, हे त्यांच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार?

"पुढच्या आयतवारी काय करू ते सांगा," नागसेन म्हणाला. "आणि बाबा, यंदा आईनं लसूण कमी घातला का हो?"

भिवाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"काय म्हणतो?" मालनबाईंनी हात पुढे केला.

"उघडत नाही म्हणतो," भिवाजी म्हणाले, आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.