मुकादम आणि त्रेसष्ट माणसांचा फोटो

"तीस वर्षं माणसं चौकटीत बसवतोय मी. मला एक कुत्रं बसवता येणार नाही? आठ दिवस दे फक्त," असं स्माइलदादांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, त्याला आता चार महिने झाले होते.

स्माइलदादा म्हणजे चौकातले स्टुडिओवाले. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत होतं, पण पाटी वाचतो कोण! बटण दाबण्याआधी ते "स्माइऽऽल" अशी जी हाळी द्यायचे, तिने तीन गल्ल्यांपलीकडची माणसंसुद्धा नकळत हसायची, असं दादा स्वतःच सांगत.

कुत्रं आलं तेही फोटोपायीच. कुत्री पाळणाऱ्या एका बाईंनी सहा पिल्लांचा एकत्र फोटो काढायला बोलावलं. पाच पिल्लं पाच दिशांना पळत होती. सहाव्याने, काळ्या-पांढऱ्याने, काय करावं? एकेकाला मागून नाकाने ढोसत आणून कॅमेऱ्यासमोर ओळीने बसवलं. तीस वर्षांत त्यांना असा मदतनीस मिळाला नव्हता.

"मेंढ्या राखणारी जात आहे हो," बाई म्हणाल्या. "याला काम लागतं. तुम्ही दिलं नाहीत तर तो स्वतः शोधतो."

"शोधू दे की," दादा म्हणाले आणि पिल्लू काखोटीला मारून घरी आले. नाव ठेवलं मुकादम.

मुकादमाने पहिल्याच आठवड्यात काम शोधलं. त्याच्या हिशेबाने घरातली माणसं फारच विखुरलेली होती. दादांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, स्वयंपाकघरात, वहिनींचे वडील गॅलरीत पेपर वाचत, दादा आरशासमोर. हे काही बरं नाही, असं त्याला वाटलं. तो भुंकायचा नाही, चावायचा तर मुळीच नाही. मान खाली घालून मागून यायचा, गुडघ्याच्या मागे गार नाक टेकवायचा आणि अशा नजरेने बघायचा की आपलंच काहीतरी चुकलंय असं माणसाला वाटावं. दहा मिनिटांत तिघंही एका सोफ्यावर. कसे आलो, ते कुणालाच सांगता यायचं नाही. तिकडे दूध उतू जायचं.

"मला आवडतं बुवा," वहिनींचे वडील म्हणायचे. "नाहीतर माझ्याशेजारी बसतंय कोण या घरात?"

पण नळ दुरुस्त करायला प्लंबर आला त्या दिवशी गोष्ट हाताबाहेर गेली. प्लंबर पाना हातात धरून वहिनी आणि त्यांच्या वडिलांच्या मधे पाऊण तास बसून होता. दोनदा चहा प्यायला. तिसऱ्यांदा उठायला गेला, तेव्हा मुकादमाने नुसतं बघितलं. मग बिचाऱ्याने बसल्या जागेवरून आपल्या दुकानात फोन लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला इथून सोडवायला कुणीतरी या."

नळ गळतच राहिला. वहिनींनी निकाल दिला.

"अहो, माझ्या भावाकडे चाळीस मेंढ्या आहेत. परवा रविवारी तो येतोय. जाताना मुकादमाला घेऊन जाईल. त्याचंही भलं, आपलंही."

"नेऊ दे की. मला काय त्याचं?" दादा म्हणाले. पण त्यांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. मुकादम टेबलाखाली त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला होता, म्हणून ते पाऊलही हलवत नव्हते. शेवटी म्हणाले, "पण समजा, तो कामाला लागला तर? नोकरीतल्या माणसाला कुणी घराबाहेर काढतं का?"

"कसली नोकरी?"

"उद्या पंपाच्या कारखान्याचा फोटो आहे. नेतो त्याला."

"मीही येते," वहिनी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघते."

पंपाच्या कारखान्यात दर वर्षी सगळ्यांचा एकत्र फोटो निघे आणि तो वर्षभर स्वागतकक्षात लटके. मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत माणसं त्रेसष्ट. मॅनेजरबाई घड्याळ हातात घेऊनच दारात उभ्या होत्या.

"दादा, दोन पाळ्यांच्या मधे वीस मिनिटं आहेत. भोंगा झाला की यंत्रं सुरू. मागच्या वर्षी तुम्ही दीड तास घेतलात आणि फोटोत स्टोअरकीपर नव्हताच."

"मागच्या वर्षी माझ्याकडे स्टाफ नव्हता."

"आता आहे?"

दादांनी बोटाने खाली दाखवलं. मॅनेजरबाईंनी आधी कुत्र्याकडे आणि मग वहिनींकडे बघितलं. वहिनींनी आकाशाकडे बघितलं.

दादांनी शीळ घातली. आणि वाचकहो, पुढची सहा मिनिटं त्या कारखान्यात जे घडलं, त्याचं वर्णन करायला माझी लेखणी तोकडी आहे, तरी करतो. मुकादम सुटला. कँटीनमागे विड्या ओढणारे सहा जण धुरासकट आले. फोनवर बोलणारे बोलत बोलत आले. दोन वर्षं एकमेकांशी अबोला धरलेले दोन फिटर खांद्याला खांदा लावून आले. स्टोअरकीपर गोदामातून उलट्या पावलांनी चालत आला, कारण त्याला कुत्र्याकडे पाठ करायची छाती होईना. मोठे साहेब तर बोलावण्याआधीच खुर्चीत येऊन बसले. पुढे बसलेली रांग, मधे उभी रांग, मागे बाकांवरची रांग. बासष्ट झाले.

"सहा मिनिटं," मॅनेजरबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या आणि त्रेसष्टाव्या म्हणून स्वतःही मुकाट्याने रांगेत जाऊन बसल्या.

दादांनी रांगेला खेटून उभ्या असलेल्या वहिनींकडे असं बघितलं, जणू कारखाना त्यांच्याच मालकीचा असावा. मग पंधरा पावलं मागे जाऊन ते स्टँडवरच्या कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

इथेच सगळं बिनसलं. मुकादमाने मान वर करून पाहणी केली. त्रेसष्ट माणसं एका जागी. आणि हा एक जण लांब, एकटा, काळ्या डबड्यामागे तोंड लपवून उभा. गुडघ्यामागे गार नाक लागलं.

"अरे, मी नाही," दादा म्हणाले. "मी फोटोवाला आहे."

दादा रांगेत आले. लोक हसले. दादा परत गेले. परत आले. तिसऱ्या खेपेला तर मधल्या रांगेने त्यांच्यासाठी जागा सोडूनच ठेवली.

"दादा," मॅनेजरबाई म्हणाल्या, "फोटो काढायला तुम्ही बाहेर असावं लागतं ना?"

"तशी पद्धत आहे."

"मग?"

"होतंय. तुम्ही फक्त हसत राहा."

दादांनी मुकादमाचा पट्टा स्टँडला बांधला. मुकादम स्टँड ओढत कळपात घेऊन आला. आता कॅमेराही रांगेत होता आणि मोठ्या साहेबांच्या बुटाकडे बघत होता.

"कुत्र्याला बांधता कशाला?" मागच्या बाकावरून एक फिटर म्हणाला. "फोटोवाल्याला बांधा."

"दोरी आहे स्टोअरमध्ये," दुसरा फिटर म्हणाला. दोन वर्षांत दोघं पहिल्यांदाच एकमताने बोलले होते.

"अगं, तू धर त्याला," दादांनी वहिनींना हाक मारली. वहिनींनी दोन्ही हातांनी पट्टा धरला. पाऊण मिनिटात वहिनी पट्ट्यासकट मोठ्या साहेबांच्या मागे उभ्या होत्या. त्यांना कुणी आणलं, ते त्यांनाही समजलं नाही.

भोंग्याला दोन मिनिटं उरली. वहिनी रांगेतून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ उद्या सकाळी नऊच्या गाडीने येतोय."

दादा घाबरले? छे! "हेच तर मला हवं होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. स्टँड पंधरा पावलांवर नेला, कॅमेऱ्यात दहा सेकंदांचा टायमर लावला आणि नाक लागायच्या आत स्वतःच धावत सुटले. वहिनींशेजारच्या मोकळ्या जागेत घुसले आणि मागे वळून ओरडले, "मुकादम, बऽऽस!"

मुकादम बसला. त्यांचं ऐकून नव्हे. कळप पुरा झाला होता. तो स्टँडच्या पायाशी बसला आणि पासष्ट माणसांवर त्याने ती नजर रोखली. कुणाची पापणी लवली नाही. खट्ट झालं. भोंगा वाजला.

वहिनींनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बराच वेळ बघितला. एकाचेही डोळे मिटलेले नव्हते. एकही मान वळलेली नव्हती. स्टोअरकीपर चक्क हसत होता. दादांच्या सबंध हयातीत असा फोटो निघाला नव्हता.

"भावाला सांगते," त्या म्हणाल्या, "ये, जेव आणि रिकाम्या हाताने जा."

"तुझी मर्जी. मला काय?" असं म्हणून दादा कॅमेऱ्याच्या पिशवीत तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

सोमवारी मॅनेजरबाईंचा फोन आला.

"दादा, फोटो अप्रतिम. मोठे साहेब खूश आहेत. फक्त मधे तो एक माणूस आहे ना, आ वासलेला? दाढ काढायला बसल्यासारखा?"

"तो मी आहे."

"हो, ते ओळखलं आम्ही. तेवढा काढून टाका. शेजारच्या बाई राहू द्या, छान आल्या आहेत."

"पण मधे भोक पडेल."

"तिथे मुकादमाला बसवा. कामगारांचीच मागणी आहे."

दादांनी मुकादमाचा एक वेगळा फोटो काढला आणि दुपारभर संगणकावर बसून स्वतःला पुसलं. आधी जबडा गेला, मग मोठ्या साहेबांच्या कानात घुसलेलं कोपर, मग उरलेले दादा. त्या जागी मुकादम बसला. वहिनी मागे उभं राहून "कान जरा वर घ्या त्याचे" वगैरे सूचना करत होत्या.

संध्याकाळी वहिनींच्या वडिलांनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

"सुरेख," ते म्हणाले. "काढला कुणी?"

दादांनी तोंड उघडलं. मग जरा विचार केला आणि बोटाने टेबलाखालच्या मुकादमाकडे दाखवलं.