प्रातिनिधिक युवक

करमणूक ही इतकी गंभीर बाब आहे, की ज्यांची करायची त्यांच्या हाती ती सोपवून चालत नाही. रोग्याला आपण स्वतःची शस्त्रक्रिया करू देत नाही. मग तरुणांना स्वतःची करमणूक करू देणं कितपत योग्य? (हा प्रश्न आमच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत विचारला होता. कुणालाच उत्तर सुचलं नाही, म्हणून तो एकमताने मंजूर झाला.)

आमच्या युवक कल्याण मंडळाने तरुणांसाठी एक संकेतस्थळ काढलं होतं. नाव 'गच्ची'. उघडलं की गाणं सुरू, खाली विनोद, बाजूला छोटे छोटे खेळ, आणि एकमेकांची टिंगल करायला एक कट्टा. हे सगळं एका कंत्राटी मुलीने एकटीने उभं केलं होतं. तिला आम्ही 'डिझायनर' म्हणायचो. जिन्याखाली, झेरॉक्स मशीनला खेटून तिचं टेबल होतं. कंत्राटी म्हणून बँक घरासाठी कर्ज देत नव्हती, त्यामुळे आईला घेऊन ती मामाच्या हॉलमध्ये राहत होती. अध्यक्षांनी तिला शब्द दिला होता, "मूल्यमापन चांगलं येऊ दे, तुझी जागा कायम." त्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना पेढ्याऐवजी चॉकलेट वाटलं होतं. पेढे ऑर्डर हातात आल्यावर, म्हणाली.

मूल्यमापनासाठी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मंडळाचेच, म्हणजे एका संग्रहालयाचे निवृत्त प्रमुख. दुसऱ्या सदस्य युवा मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. बाईंनी तरुणांवर आयुष्यभर व्याख्यानं दिली होती आणि त्यांच्यातल्या एकाशीही बोलण्याची वेळ आली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं निर्भेळ राहिली होती. तिसरे लेखापाल. ते फक्त "हे फुकटात होईल का?" एवढंच विचारत आणि नाही म्हटलं की डोळे मिटून घेत. चौथा मी, मंडळाचा अधीक्षक आणि समितीचा सदस्य-सचिव, म्हणजे चहा सांगणारा.

नियमाप्रमाणे समितीवर एक तरी युवक हवा होता. इथे गाडी अडली. खरेखुरे तरुण बोलवावेत अशी एक सूचना आली. (ती मीच केली होती, पण इतिवृत्तात 'एक सूचना आली' असं लिहिलं.) त्यावर प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "तरुण समोर बसले, तर तरुणांविषयी मोकळेपणाने बोलता येणार नाही." हे कुणालाही पटण्यासारखंच होतं. शेवटी अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली आणि उपस्थितांत सर्वांत लहान कोण, असं विचारलं. मी सर्वांत लहान निघालो. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्याच बैठकीत मला 'प्रातिनिधिक युवक' घोषित करण्यात आलं.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. घरी येऊन मी आरशात बराच वेळ पाहिलं. बायको म्हणाली, "आता नवीन काय दुखतंय?"

एक अडचण मात्र उभी राहिली. डिझायनर मला पहिल्यापासून 'काका' म्हणत असे. प्रातिनिधिक युवकाला काका म्हणणं कामकाजाच्या शिस्तीत बसेना. अध्यक्षांनी तशी समज दिल्यावर ती मला 'दादा' म्हणू लागली. पहिल्या दिवशी तिला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी मला सवय झाली.

तपासणीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. समितीच्या खोलीतल्या एकमेव संगणकापुढे मला बसवत, मागे बाकीचे तिघे उभे राहत आणि मला करमणूक होते का ते पाहत. निष्कर्ष टक्केवारीत नोंदले जात. 'शंभर टक्के युवकांना अक्षरं बारीक वाटली', कारण मला वाटली. 'पन्नास टक्के युवकांना गाणं कर्कश वाटलं', कारण माझा एक कान कमी ऐकतो. मी काहीच बोललो नाही, तर काय लिहायचं यावर वाद झाला. तेव्हा प्राध्यापिकाबाईंनी मानसशास्त्राचा नियमच सांगितला, 'जो तक्रार करत नाही, तो समाधानी.' या एका नियमाने पुढचं सगळं काम सोपं झालं.

मग सुधारणा सुरू झाल्या. अध्यक्षांच्या मते मूळ संकेतस्थळात सर्वांत मोठा दोष हा, की माणूस कुठूनही आत येत होता आणि केव्हाही बाहेर पडत होता. "आमच्या संग्रहालयात असं नव्हतं. एकदा आत शिरलं, की सगळी दालनं बघितल्याशिवाय दरवाजा नाही. लोक काय शिकून जायचे!" (काही जण रडत जायचे, पण ती लहान मुलं होती.) त्याप्रमाणे दालनं आखली. 'गाणी' काढून 'श्राव्य विभाग' केला. 'विनोद'चं 'हास्योपयोगी साहित्य' झालं आणि गैरसमज टाळण्यासाठी प्रत्येक विनोदाच्या वर 'पुढील मजकूर विनोद आहे' अशी पूर्वसूचना घातली. खेळ जिंकल्यावर हरलेल्याचं सांत्वन करणारं एक पान आलं. टिंगलीच्या कट्ट्यावर फळा लावला, 'शांतता राखा'. बाहेर पडायचं बटण शेवटच्या दालनात, अध्यक्षांच्या मनोगताखाली ठेवलं. 'गच्ची' हे नाव धोकादायक (तोल जाऊ शकतो) म्हणून बदलून 'युवक मनोरंजन व प्रबोधन दालन' ठेवलं.

डिझायनर प्रत्येक सूचना लिहून घेई आणि "करते, सर" म्हणे. दुसऱ्या दिवशी आमच्या संगणकावर ती सुधारणा हजर. एवढी गुणी मुलगी मी पाहिली नाही.

इकडे आकडेही वाढू लागले. संकेतस्थळावर येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली, मग तिप्पट. अध्यक्षांची मान ताठ झाली. सुधारणा जितकी कडक, तितके तरुण जास्त, असं गणितच त्यांनी मांडलं.

एकदा रात्रीच्या जेवणाला धाकटी लेक मोबाईलमध्ये तोंड घालून खिदळत होती. मी मान वाकवून पाहिलं, तर 'गच्ची'! तेच गाणं, तोच कट्टा. पूर्वसूचना नाही, फळा नाही, मनोगत तर नाहीच नाही.

सकाळी मी जिन्याखाली गेलो आणि झेरॉक्स मशीनच्या आडोशाला उभा राहिलो.

"हा काय प्रकार आहे?"

ती जराही गडबडली नाही. "दादा, समितीची आवृत्ती फक्त समितीच्या संगणकावर दिसते. बाकी सगळ्यांना पहिलीच. तुमचं तपासणं चाललंय ना अजून? अंतिम आदेश आला की लावायचीच सगळ्यांना. नियमच आहे तसा."

"आणि हे आकडे?"

"ते पहिलीचे. मी रोज थोडी थोडी नीट करत असते, घरून." मग आवाज खाली आणून म्हणाली, "अहवाल चांगला जाऊ दे. एकदा ऑर्डर हातात पडली, की मी स्वतः साहेबांना सगळं सांगेन. तोवर सांगू नका ना."

मी सांगितलं नाही. तिच्या भल्यासाठीच. शिवाय मी ज्याचा प्रातिनिधिक युवक होतो, ते संकेतस्थळ जगात एकाही युवकाने पाहिलेलं नाही, हे उघड करून समितीचं मनोधैर्य खच्ची करणं मला बरं वाटेना. पुढच्या महिन्यात माझा सत्कारही ठरला होता.

शेवटच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. तरुणांचा ओघ तिपटीने वाढला, तो समितीच्या सुधारणांमुळे. आता संकेतस्थळात एकही दोष उरलेला नाही. इथवर सगळं डिझायनरच्या मनासारखं होतं. ती दाराशी उभी होती. आज तिने बरी साडी नेसली होती.

मग लेखापालांनी डोळे उघडले. "दोषच उरला नाही, तर दोष दूर करणारी व्यक्ती कायम कशाला घ्यायची? हे पुढे फुकटात चालेल ना?"

तर्क बिनतोड होता. अध्यक्ष म्हणाले, "खरं आहे. तुझ्या कामाचं यश हेच, की आता तुझी गरज नाही. यापेक्षा मोठी पावती कोणती?" आणि सगळ्यांकडे पाहून विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

दोन वाक्यं पुरली असती. 'हे आकडे तिचे आहेत. आपलं संकेतस्थळ या खोलीबाहेर कुणी बघितलेलं नाही.' ती माझ्याकडे बघत होती, हे मला कळत होतं. मला वाईट वाटत होतं. माझ्या तोंडात बिस्किट होतं. ते संपेपर्यंत 'आक्षेप नाही' अशी नोंद झाली. सचिव म्हणून ती मीच केली.

"जाण्याआधी एक काम," अध्यक्ष म्हणाले, "मंजूर आवृत्तीच सगळीकडे चालू आहे ना, तेवढं बघून जा."

"सगळ्यांना लावू, सर? आत्ताच?"

"म्हणजे काय? लावायलाच हवी!"

तिने परत एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहत होतो. "करते, सर," ती म्हणाली.

संध्याकाळी टेबल आवरून ती माझ्या खोलीत डोकावली. खांद्याला पिशवी, हातात कुंडी. मी उठून उभा राहिलो, म्हटलं काहीतरी बोलावं.

"येते, काका," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री लेक मोबाईल माझ्यापुढे आपटून म्हणाली, "बाबा, काय वाटोळं केलंत हो हे? बाहेरच पडता येत नाहीये!" मी तिला सांगितलं, की ही तक्रार तोंडी असल्याने ग्राह्य धरता येत नाही.

समितीचं काम मात्र वाया गेलेलं नाही. येणाऱ्यांची संख्या आता घटली आहे, पण जो येतो तो पूर्वीपेक्षा पाचपट वेळ थांबतो. बटण शोधत असतो, हे खरं. पण आमच्याकडे शोधत थांबलेला आणि रमून थांबलेला, दोघांसाठी रकाना एकच आहे. 'तरुणांचा पाय निघत नाही' या निष्कर्षाबद्दल समितीला मुदतवाढ मिळाली. माझा सत्कारही नीट पार पडला. 'युवक' असं कोरलेलं मानचिन्ह घरी टीव्हीवर ठेवलं आहे.

राहता राहिले तुम्ही. इतकी दालनं ओलांडून तुम्ही इथवर आलात. वाटेत एका मुलीची नोकरी गेली. अध्यक्षांनी आक्षेप विचारला तेव्हा माझ्या तोंडात निदान बिस्किट तरी होतं. तुमचं तोंड मोकळं होतं, आणि तरी तुम्ही पुढचं वाचायला निघून गेलात. त्यामुळे प्राध्यापिकाबाईंच्या नियमाप्रमाणे तुमची नोंद 'समाधानी युवक' अशी केली आहे. वयाची अट नाही. बाहेर पडायचं बटण मनोगताखाली आहे.