कोहळ्याचे तुकडे

अनिकेत आंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात पैठणी नेसून भेंडी चिरत होती. समोर कॅमेरा लावून रेवा उभी होती.

चार दिवसांपूर्वी ह्याच ओट्यासमोर अनिकेत कॅमेरा घेऊन उभा राहिला होता. तेव्हा सुनंदाबाई म्हणाल्या होत्या, "चल निघ. सकाळच्या वेळेला नाटकं नकोत. ओट्यावर पसारा, केस हे असे, आणि म्हणे फिल्म करायचीय." वर हातातला झारा अशा रीतीने हलवला होता की पोटच्या पोराने समजायचं ते समजावं.

"आई, हे काय चाललंय?"

"भेंडी."

"पैठणी नेसून?"

"रेवा म्हणाली, नेहमीसारख्याच राहा. म्हटलं, मी नेहमी नीटनेटकीच असते."

"काकू, आपण किंचित डावीकडे सरकाल का?" रेवा म्हणाली.

"ऐकलंस? 'आपण' म्हणते पोरगी," सुनंदाबाई डावीकडे सरकत म्हणाल्या. "आणि तू साधं जेवण मागतोस तेही तमिळमध्ये."

रेवा मॉरिशसची. तिचे खापरपणजोबा कधीतरी रत्नागिरीकडून बोटीत बसून तिकडे उसाच्या मळ्यात गेले. घरात सगळे तिकडची क्रिओल भाषा बोलतात, पण हिने शाळेत मराठी विषय घेतला होता, त्यामुळे ती क्रमिक पुस्तकासारखी बोलायची. "काका, आपला चहा थंड होत आहे." असं वाक्य चेन्नईच्या अण्णा नगरात कुणी जन्मात बोललेलं नाही. विद्याधरराव बँकेतून दमून यायचे, हे वाक्य ऐकायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. थंड चहा ते आनंदाने प्यायचे.

शहरातल्याच एका खासगी विद्यापीठात ती सिनेमाच्या पदवीला होती. अनिकेतच्याच वर्गात. फरक एवढाच की ती परदेशी विद्यार्थिनी होती. परदेशी विद्यार्थी म्हटला की आपल्याकडच्या विद्यापीठांना जे काही होतं ते तिच्या बाबतीतही झालं. तिच्यासाठी वेगळं ऑफिस, त्या ऑफिसला एसी, चांगला कॅमेरा आधी तिला. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो. त्या फोटोत अनिकेतचं कोपर होतं. आणि राहायला सुरक्षित मराठी घर हवं म्हणून ती आली तीही अनिकेतच्याच घरी, वरच्या खोलीत. म्हणजे कॉलेजात जळायचं आणि घरी येऊन पुन्हा जळायचं. मधे मेट्रोत काय तो आराम.

आता ह्यात जीव जाण्यासारखं काही नव्हतं, पण विद्याधररावांनी अट घातली होती. वर्गाला विषय होता 'घर'. प्रत्येकाने दहा मिनिटांची फिल्म करायची, पालकांसमोर दाखवायची, त्यातली एक वार्षिक महोत्सवाला जाणार.

"तुझी गेली तर पुढचं वर्ष शिक," विद्याधरराव म्हणाले होते. "नाही गेली तर गुंडोकाकाकडे, गुम्मिडिपूंडीला. तिथल्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवतो तो. त्याला माणसं लागतात."

"बाबा, मी डिरेक्टर आहे."

"तिथे सुपरवायझर म्हणतात. काम तेच. दुसऱ्यांवर ओरडायचं."

खरं सांगायचं तर अनिकेतला सिनेमा येत नव्हता. त्याला सिनेमावर बोलता यायचं, आणि त्याला वाटायचं ते तेच. आईने हाकलल्यावर त्याने 'पोकळी' नावाची फिल्म काढली. त्यात त्याचा मित्र कौशिक भिंतीकडे बघतो. मग भिंत दिसते. मग पुन्हा कौशिक. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. कौशिकचा शर्ट भयंकर पोपटी होता, हे त्यामागचं कलात्मक कारण.

ह्या 'पोकळी'समोर पैठणीतली भेंडी उभी राहिली, तेव्हा अनिकेतने ठरवलं की काहीतरी केलं पाहिजे. चांगली फिल्म करणं हे त्यातलं एक होतं, पण ते अवघड होतं.

पहिल्यांदा त्याने रेवाचा ट्रायपॉड माळ्यावर लपवला. रेवाने शोधला, सापडला नाही. मग तिने सुनंदाबाईंना विचारून तांदळाचा डबा घेतला आणि कॅमेरा त्यावर ठेवला. वर्गाला शिकवणाऱ्या श्रीरंजनी मॅडमनी ते फूटेज बघितलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं. "बघा, कॅमेरा किती खाली आहे. घरात बसलेल्या माणसाची नजर. हे विचार करून सुचतं." अनिकेतने वहीत नुसती रेघ ओढली. ती कागद फाडून पलीकडे गेली.

मग रेवा आवाज घेत असताना त्याने मिक्सर लावला. आत काही नव्हतं, रिकामाच फिरवला. सुनंदाबाई किंचाळत आल्या, "रिकामा मिक्सर फिरवतोस? बापाने बनवलाय काय तो?" त्यावर हॉलमधून विद्याधरराव म्हणाले, "बाप बँकेत आहे, बाप मिक्सर बनवत नाही." त्यावर सुनंदाबाई तावातावाने जे बोलल्या, ते त्यांच्या लग्नापासूनचं होतं. रेवाने सगळं रेकॉर्ड केलं. श्रीरंजनी मॅडम म्हणाल्या, असे संवाद लिहून मिळत नाहीत.

मग आली अमावास्या.

सुनंदाबाईंनी संध्याकाळी मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, रेवाला पाटावर बसवलं आणि तिची दृष्ट काढली. "आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, वर्गातल्या कुणा मेल्याची." शेवटचं त्यांनी पदरचं घातलं होतं.

अनिकेत फ्रिजला टेकून बघत होता. "माझीपण काढ ना."

"तुला कोण दृष्ट लावणार?" सुनंदाबाई सहज म्हणाल्या आणि मिरच्या गॅसवर टाकल्या. ठसका त्यालाच लागला.

एवढ्यावर भागलं नाही. शेजारच्या विजयलक्ष्मी मामींनी सांगून ठेवलं होतं की मराठी दृष्ट घरातली, रस्त्यावरच्या नजरेला कोहळाच लागतो. हे तर चेन्नईत सगळेच करतात. दुकान उघडा, गाडी घ्या, सिनेमाचं शूटिंग सुरू करा, कोहळ्याला भोक पाडून कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, ओवाळायचं आणि दारासमोर रस्त्यावर आपटायचा. सुनंदाबाई इतक्या वर्षांत सासरचे देव थोडे विसरल्या असतील, पण मामींचा कोहळा विसरल्या नव्हत्या.

"धर," त्यांनी कोहळा अनिकेतच्या हातात दिला. "पुरुषमाणसाने फोडायचा. बाबा अजून यायचेत."

"हिच्या फिल्मसाठी मी कोहळा फोडू?"

"मग काय मॉरिशसहून माणूस बोलवू? आणि फोडलास की तुकडे पायाने कडेला सार. गाड्या घसरतात."

अनिकेत फाटकाबाहेर गेला. तो कोहळा त्याने असा आपटला की मामी गॅलरीतून कौतुकाने म्हणाल्या, "सूपर, कण्णा." त्या आपटण्यात माहितीपत्रकातलं कोपर होतं, एसी होता, पैठणी होती. लाल-पांढरे तुकडे अर्धा रस्ताभर उडाले. त्याने तुकड्यांकडे बघितलं. कडेला सारायला एक पाय उचललाही. मग त्याच्या मनात आलं, दृष्ट हिची, कोहळा हिचा, तर तुकडे मी का उचलू? पाय खाली ठेवला, हात पॅन्टला पुसले आणि आत आला. दारात तांदळाच्या डब्यावर कॅमेरा होता. रोजच असायचा, त्याचं लक्षही गेलं नाही.

थोड्या वेळाने विद्याधररावांची स्कूटर वळणावरून आली, फाटकाशी येऊन आडवी झाली आणि विद्याधरराव तिच्यापेक्षा थोडे पुढे गेले. घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर.

"तुकडे सारले होतेस ना?" दवाखान्यात सुनंदाबाईंनी विचारलं.

"सारले होते. कुत्र्याने पसरवले असतील."

"कुत्रा कोहळा खातो?"

"भूक लागली तर काहीही खातो."

गल्लीतल्या त्या तपकिरी कुत्र्याची सकाळची इडली दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. ते बिचारं फाटकाशी येऊन बसायचं, सुनंदाबाई म्हणायच्या, "लाज नाही वाटत?" आणि अनिकेत मान फिरवायचा.

आणि विद्याधरराव दिवसभर घरी. म्हणजे रेवाला आता आई होती, बापही होता, तोही खुर्चीला खिळलेला. तो बाप बायकोबरोबर बसून शेंगा सोलायला लागला. एकदा सुनंदाबाईंनी काडी घेऊन त्यांच्या प्लास्टरच्या आत खाजवून दिलं, आणि दोघं जे हसले, ते अनिकेतनेही कधी बघितलं नव्हतं. रेवाने तांदळाच्या डब्यामागे बसून सगळं घेतलं. ज्या घरात अनिकेत जन्मला ते घर असं दिसतं, हे त्याला तिच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळलं. त्यामुळे तो आणखीच जळला.

पालकांचा दिवस आला. विद्याधरराव कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसले. आधी 'पोकळी' लागली. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी शेजारी वळून विचारलं, "लाइट गेलेत का?"

"हळू बोला. ती भिंत आहे," सुनंदाबाई म्हणाल्या.

मग रेवाची लागली. नाव होतं 'आपले घर'. पैठणीतली भेंडी आली, हॉल हसला. अनिकेतने दात आवळले. मग हॉल पुन्हा हसला, तेव्हा पडद्यावर हसण्यासारखं काही नव्हतं, सुनंदाबाई नुसत्या फोडणी देत होत्या. त्याने नीट बघितलं. मागे दाराच्या चौकटीत तो स्वतः उभा होता. टॉवेल गुंडाळून. तोंड असं की जणू कुणी त्याची किडनी विकायला काढलीय.

पुढच्या प्रसंगात तो फ्रिजला टेकलेला होता. पुढच्यात मिक्सरशी. आई-बाप शेंगा सोलत होते तिथे खिडकीबाहेर अर्धा. हॉल आता पुढच्या माणसांकडे बघतच नव्हता. प्रसंग बदलला की सगळे मागे त्याला शोधायचे, सापडला की शिट्ट्या. कौशिक सगळ्यात जोरात ओरडत होता.

मग पडद्यावर फाटक आलं.

अनिकेत खुर्चीत खाली सरकला. पडद्यावरच्या अनिकेतने कोहळा आपटला. तुकड्यांकडे बघितलं. एक पाय उचलला. तो पाय हवेत बराच वेळ राहिला, सगळा हॉल श्वास रोखून त्या पायाकडे बघत होता. मग पाय खाली आला. हात पॅन्टला पुसले. रिकामं फाटक. कुत्रा आला, तुकडा हुंगला, नाक मुरडून निघून गेला. आणि मग स्कूटरचा आवाज, स्कूटर, आणि तिच्यापुढे विद्याधरराव.

हॉल कोसळला. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते.

विद्याधररावांनी सावकाश मान वळवली. "कुत्रा काय रे?"

"बाबा..."

"घरी चल."

दिवे लागले तेव्हा श्रीरंजनी मॅडम डोळे पुसत होत्या. रेवाची फिल्म महोत्सवाला जाणार हे त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि मग विचारलं, "तो मागचा मुलगा कुठाय? त्याला उभं करा." टाळ्या काय पडल्या. त्या टाळ्यांत रेवा स्टेजवर प्रमाणपत्र घेऊन उभी होती, आणि एकजणही तिच्याकडे बघत नव्हता. बाहेर पालक अनिकेतबरोबर सेल्फी घेत होते. वर्गातल्या दोघांनी त्याला पुढच्या फिल्मसाठी विचारलं. फोटोग्राफर रेवाला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का?" तिचं कोपर राहिलं असावं फोटोत.

सगळे घरी आले. विद्याधरराव खुर्चीत बसले, पाय स्टुलावर घेतला.

"बाबा, गुंडोकाकाकडे कधी जाऊ?" अनिकेतने विचारलं.

"त्याचं बघू." विद्याधररावांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. "तो कारखाना पळून जात नाही. माझा घसरतानाचा शॉट चांगला आला होता, नाही? दोन लोक म्हणाले मला."

"तुम्ही म्हणे शॉट," सुनंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांनी आधी दोन इडल्या फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. आल्या त्या मीठ-मिरच्यांनी मूठ भरूनच. "ये रे, बस पाटावर. अख्खा हॉल डोळे फाडून बघत होता तुझ्याकडे. दृष्ट लागायची."

अनिकेत बसला. मोठ्या फिल्मवाल्यासारखा त्याने आपला फोन तांदळाच्या डब्यावर उभा केला, आपली दृष्ट निघताना आपण कसे दिसतो ते नोंदवून ठेवायला. आई मूठ ओवाळायला लागली आणि त्याने पडद्याकडे नजर टाकली. त्यात मधोमध तो होता, आईचा हात होता. आणि मागे, फ्रिजला टेकून, प्रमाणपत्र छातीशी धरून रेवा उभी होती. तोंड असं की तिचीही किडनी कुणीतरी विकायला काढलीय.

"ए रेवा, तोंड का पाडलंस? हास की जरा..." विद्याधरराव सुरू झाले.

"बाबा, तिला काही बोलू नका," अनिकेत ओठ न हलवता म्हणाला. "आई, सावकाश ओवाळ. मला घाई नाहीये."