सगुणा भेकराचा भीतीवरचा इलाज

एका जंगलात, बाळांनो, सगुणा राहायची. सगुणा म्हणजे भेकर. भेकर म्हणजे छोटंसं हरीण, पण धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. सगुणाला धोका फार दिसायचा. पान पडलं, भुंकली. बेडूक शिंकला, भुंकली. स्वतःची सावली हलली, तरी भुंकली.

शेजारी वैतागले. "अगं, दुपारची जरा पाठ टेकली की तुझं सुरू!" रावजी ससा म्हणाला. "फार मनाला लावून घेतेस. दाखव कुणाला तरी."

सगुणाही थकली होती. छाती धडधडायची, चारा गोड लागत नव्हता. शेवटी ती धीरोबा कासवाच्या मनःशांती वर्गाला गेली. धीरोबांचं नाव मोठं. आयुष्यात ते कधी दचकले नव्हते.

"भीती म्हणजे पाहुणी," धीरोबा म्हणाले. "ती आली की पळायचं नाही. बसायचं. सावकाश श्वास घ्यायचा. तिला ओळखायचं. ती आपोआप जाते."

"आणि खरंच बिबट्या आला तर?"

"बिबट्या हा एक विचार आहे, सगुणाताई."

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. बिबट्याबद्दल इतकं सुंदर आजवर कुणी बोललं नव्हतं.

सगुणा मन लावून शिकली. पान पडलं, तिने श्वास घेतला. बेडूक शिंकला, तिने श्वास सोडला. हळूहळू चारा गोड लागू लागला. रावजी तर तिचं कौतुक करताना थकेना, तोही वर्गाला येऊ लागला.

मग एका सकाळी, वर्ग अगदी रंगात आला असताना, करवंदीच्या जाळीतून तो विचार बाहेर आला. ठिपक्यांसकट.

सगळे डोळे मिटून बसले होते. सगुणाचा एक डोळा मात्र किलकिला होता. बिबट्या रावजीच्या मागे दबा धरून बसला.

'ही भीती आहे,' सगुणा मनात म्हणाली. 'ती पोटात आहे. आता पायांत उतरली.'

बिबट्याने अंग आवळलं.

'खड्ड्यात गेली पाहुणी!'

आणि ती भुंकली. अशी भुंकली की झाडावरची माकडं खाली आली. रावजी उडाला तो थेट झुडपात. वर्ग पांगला. बिबट्याच्या तावडीत फक्त धीरोबा सापडले. ते शांतपणे कवचात गेले. बिबट्याने चावून पाहिलं, दात दुखवून घेतला आणि चालता झाला.

ओढ्यापलीकडे सगुणा थरथरत बसली. मग तिने सावकाश श्वास घेतला, सोडला. आणि काय गंमत, खरंच बरं वाटलं! उपाय चांगलाच होता. फक्त बिबट्या गेल्यानंतरचा होता.

हे सांगायला ती धावत परत आली. "धीरोबा, श्वासाने जमतं! पण आधी पळायचं!"

वर्ग पुन्हा जमला होता. रावजीने तिच्या खांद्यावर पंजा ठेवला.

"राग मानू नकोस सगुणा," तो मायेने म्हणाला. "इतकं छान ध्यान लागलं होतं माझं. तुझं भुंकणं पुन्हा सुरू झालंय गं."

धीरोबांनी कवचातून मान बाहेर काढली. "ताईंना वर्ग पहिल्यापासून करावा लागेल."

तात्पर्य: मनःशांतीसाठी दीर्घ श्वास घ्यावा. त्यासाठी आधी जिवंत राहावे. आणि ज्याने ओरडून आपल्याला जिवंत ठेवले, त्याला उपचारांची गरज आहे, हे सर्वांनी मिळून त्याला प्रेमाने सांगावे.